बिग ब्लूच्या काठी अडलेली गाडी

—हात लावू नकोस त्या कीबोर्डला, डॅरल! जावई होतास तेव्हा चालायचं. माझ्या मार्सीने सोडचिठ्ठी दिली तिथेच ते संपलं. ईस्टरला पोरीला न्यायला आलास म्हणे! विचारलंस कुणाला? काय? नुसता बघतोयस? बघ मग. तुझ्या जनेलचा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे तो — बैलगाडीने ऑरेगनला जायचं, वाटेत नद्या ओलांडायच्या. ही बिग ब्लू, आपल्या शेतामागून वाहते ना, तीच. शाळेतली सगळी पोरं गाडीत घरच्यांची नावं घालतात, हिनेही घातली — आई, आजी अल्बिना आणि — हो, तूही. मी म्हटलं होतं, काढ.

अडीच फुटांच्या वर पाणी असलं तर बैल आत घालायचे नाहीत, फटी बुजवून गाडी तरंगवायची — एवढं शेंबड्या पोराला कळतं! पण तू फोनवर काय शिकवलंस? ‘घाल बेधडक, काही होत नाही.’ चार फूट पाणी होतं रे! घातले तिने. पडद्यावर अक्षरं उमटली — बाबा बुडाला. आणि मी — मी इथेच खसखस भरलेल्या गोड कोलाची-पावांचं ताट घेऊन उभी — म्हटलं, बरं झालं, सुटलो.

असा बघू नकोस. निघून गेलं तोंडातून. ईस्टरआधीचे उपास करणारी बाई मी, सकाळी चर्चमध्ये गुडघे टेकून आलेली — आणि संध्याकाळी हे. आठवडा झाला, पोरगी माझ्याशी बोलत नाही. नवा डाव मांडलाय, पुन्हा तुला गाडीत बसवलंय आणि नदीकाठी अडून बसलीय. शाळेतून आली की एकेक दिवस थांबायचं बटण दाबते. काल पाणी दोन फुटांवर आलं, तरी हलेना! शिधा संपत आला, आजी तापाने फणफणलीय — खेळातली, मी नाही — पण हिचं आपलं एकच, ‘बाबाला विचारल्याशिवाय नाही.’ तुला! ज्याने बुडवलं त्यालाच!

फोन? केलेस, माहीत आहे. या आठवड्यात तीनदा. मीच सांगितलं, ती घरी नाही म्हणून. झालं समाधान?

—स्कूलबस आली वाटतं. नाही, उठू नकोस. बैस म्हणते ना! मी मागे कोंबड्यांना दाणे घालायला जातेय. दार उघडं टाकलंय ते तिच्यासाठी, तुझ्यासाठी नव्हे. आणि माझ्याशी एक शब्द बोलू नकोस.