बिनवासाच्या लाकडाचा मान

आदरणीय अध्यक्ष श्रीनिवासराव, प्रमुख पाहुण्या डॉ. सहना, संकोचून खुर्चीच्या टोकावर बसलेले आजचे सत्कारमूर्ती संताजीराव आणि पंखे कमी असूनही सरस्वतीपुरमच्या या सभागृहात दाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो, नमस्कार.

संताजीरावांच्या पूर्वजांनी म्हैसूरच्या फौजेत तलवार धरली, यांनी पटाशी धरली. पंचावन्न वर्षं चंदनात, लाकडात देव आणि हत्ती कोरून आज ते निवृत्त होत आहेत. या सत्काराला त्यांनी तीनदा नकार दिला. चौथ्यांदा म्हणाले, "नोडी, बघा अलकाताई, माझे तुरुंगातले अकरा दिवस आधी सांगायचे. नाहीतर हार दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घाला, अष्टे, एवढंच!"

तेव्हा अध्यक्षमहाराज, मी आज्ञा पाळते.

आम्ही २००४ साली पुण्याहून इथं आलो. अंगणात चंदनाचं रोप आपोआप उगवलेलं. मी हरखलेच! शेजारी मात्र म्हणाले, उकळतं पाणी ओता त्यावर. का म्हणून? तर पूर्वी आपल्या अंगणातलं चंदनही सरकारचं असे. ते चोरीला गेलं की चौकशी घरमालकाची. तोवर नियम बदलला होता, लोकांची भीती तेवढी शिल्लक होती. आणि कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या या बाईनं मुकाट्यानं पातेलंभर पाणी ओतलं. हसा, हसा, तुमच्यातल्याही काहींनी ओतलंय!

आता सांगा, घरोघरी रोपं मारली तर लाकूड येणार कुठून? सरकारी डेपोतलं चंदन महाग होत गेलं, मिळेनासं झालं. संताजीरावांचे चार कारागीर हातावर हात ठेवून बसले. अशा वेळी प्राणेश दारात आले. तेही कारागीरच, लाकडाअभावी स्वतःचा कारखाना बंद पडलेले. स्कूटरवर तांदळाचं पोतं, पोत्यात चंदन आणि भाव डेपोच्या पाव. संताजीरावांनी ते घेतलं. तीन आठवड्यांनी पोलीस आले आणि दोघंही आत गेले.

मी एकदा विचारलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं का हो?" ते म्हणाले, "उत्तर ठाऊक होतं, म्हणूनच तर विचारलं नाही. मी चोर नव्हतो. पण चोरीच्या मालाचं गिऱ्हाईक होतो नव्हे?"

वर्गात मी गुन्ह्यामागची आर्थिक कारणं फळ्यावर लिहीत असे. या माणसानं कारणं सगळी भोगली, पण त्यांच्या आड लपला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

सुटून आल्यावर त्यांनी शिवणीचं लाकूड हातात घेतलं. पांढुरकं, स्वस्त, बिनवासाचं. गिऱ्हाईक मूर्ती उचलायचं, नाकाशी धरायचं आणि परत ठेवून चालू लागायचं. अशी दोन वर्षं गेली. मी हळहळले, तर म्हणाले, "वास नाही खरा ताई, पण झोप येते." मग एके दिवशी ते स्वतः प्राणेशांच्या घरी गेले, म्हणाले, चल, माझ्या शेजारी बस आणि कोर. कारागीर भडकले. त्यांना संताजीरावांनी एवढंच विचारलं, "याला काम दिलं नाही, तर तो पोतं घेऊन उद्या कुणाच्या दारात उभा राहील?"

यातूनच उभ्या राहिलेल्या त्यांच्या संघात आज चौतीस कारागीर आहेत. चंदन घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून, पावतीनं. नाहीतर शिवण आहेच. प्राणेश शेजारी बसले त्या दिवसापासून यातल्या एकाच्याही दारात पोलीस आलेले नाहीत. ही या म्हैसूरची, आपल्या माणसांची कमाई आहे!

हो, ते माझं रोप मेलं नाही बरं का. मुळातून पुन्हा फुटलं आणि आता कंपाउंडच्या वर गेलंय. प्राणेश येता-जाता त्यावर नजर ठेवून असतात. हल्ली राखणीसाठी!

व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी दिसते, कुणी पाहुणे आले नाहीत असं आपल्याला वाटलं असेल. तसं नाही, ती संताजीरावांची दुसरी अट आहे. शाल पाहुण्यांनी घालावी, पण मानचिन्ह म्हणून द्यायचा शिवणीचा हा हत्ती ज्यानं कोरला त्याच्याच हातून तो घेईन, असं ते म्हणाले.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. मास्तरकीच्या सवयीनं लांबलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर चूक पदरात घ्या. प्राणेश, शेवटच्या रांगेत तोंड लपवून बसू नका. वर या, तुमची खुर्ची वाट बघतेय.