मसाल्याच्या पार्सलचा पत्ता

शुद्धलेखनाला हसू नका यार, शाळा लवकर सुटली माझी, साधंच लिहितो. इकडे उत्तरेत, अलीगंजच्या सायबर कॅफेत मी कामाला आहे. देशपांडेकाकू दर महिन्याला तिथे येऊन, माझ्या शेजारच्या त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत बसून, वेबसाइटवरून गोडा मसाला मागवायच्या. पार्सलही कॅफेतच यायचं. मराठी बोलायला मला त्या एकट्याच. मग वेबसाइट बंद झाली, फक्त ॲप उरलं. मी ते त्यांच्या मोबाइलवर टाकून दिलं, शिकवलंही.

"अच्छा, म्हणजे आता तुझ्याकडे यायला नको?"

"नको, काकू."

पण सवयीने पत्ता मी कॅफेचाच भरला होता. पार्सल तिथेच आलं. काकू न्यायला आल्या तेव्हा मी ओशाळलो.

"चुकलं काकू, पत्ता बदलून देतो."

"बदलता येतो रे मला. ऑर्डर देताना पाहिला होता मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर टाकलेली त्यांची खुर्ची मी पुन्हा खाली काढली.