पुढच्या आवृत्तीत आवाज नाही

दौंडच्या एसटी स्टँडवर अनिता पांढरी काठी मांडीवर घेऊन शिरूरच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एक मुलगी आपल्या मामांशी बोलत होती.

"मामा, कंप्युटर चालवणारं ते फुकटचं लिनक्स, त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हाय ना, ते आमच्या लिनक्समधी बसवायचं काम मी फुकट सांभाळत होते. आमच्या पुढच्या आवृत्तीतनं आज ते काढून टाकलं."

"आगं प्रांजल, का?"

"ते लिहिणारा माणूस पंधरा दिवसाला नवं काढतोय. आमच्याकडं एकदा गोठवलं की दोन वर्षं नवं घालायचं न्हाई, असा नेम. मग त्याची एकेक दुरुस्ती मी जुन्यात हातानं बसवायची. आता बसंना झाल्या."

"मग जुनंच ऱ्हाऊ दे की."

"जुन्याच्या तक्रारी लोक थेट त्यालाच लिहित्यात. परवा कुणीतरी लिहिलं, मराठी आकडे चुकीचे वाचतंय. त्यानं ते नव्यात कवाच दुरुस्त केलेलं. वैतागला बिचारा. म्हणला, माझं सॉफ्टवेअर काढा तुमच्यातनं."

अनितानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"ताई, ती आकड्यांची तक्रार माझीच. मी ती कुणाकडं करायला पायजे होती?"

प्रांजल तिच्याकडं वळली.

"माझ्याकडं. पण माझ्याकडं आजवर कुणी एकबी केली न्हाई."