पायांशी उभं राहून

एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून बसल्या होत्या. सुनेचं मनगट सुजून टम्म झालं होतं.

"त्याला हलवून उठवायला गेलीसच कशाला?"

"चहा गार होत होता, आई. खांद्याला नुसता हात लावला. डोळे मिटलेलेच होते ह्यांचे, आणि हात पिरगाळला."

"पायांशी उभं राहून हाक मारायची. लांबून."

"हे आधी सांगायचं ना."

"लढाईवरून हाही तसाच परत येईल, असं वाटलं नव्हतं गं."

"हाही?"

"तुझे सासरे. हे बोट बघ, तेव्हापासून वाकडं ते वाकडंच."

"तुम्ही तर म्हणायचात, दारात सापडलं."

"डॉक्टरांनाही तेच सांगितलं होतं. तूही पाय घसरला म्हण."

"आणि छकुली? ती रोज सकाळी बाबांच्या अंगावर उडी मारते. तिलाही तेच शिकवू? पाय घसरला म्हण?"

एक्स-रेच्या खोलीचं दार उघडून तंत्रज्ञ वही घेऊन बाहेर आला.

"चला, पुढच्या कोण? हाताला कसं लागलं?"

"माझ्या मुलानं पिरगाळला. झोपेत. लढाईवरून आलाय तो. आणि हे माझं बोट, त्याच्या वडिलांनी. तेही झोपेतच. दोन्ही लिहा."

"बोट कधीचं, आजी?"

"झाली चाळीस वर्षं. सांगायचं राहिलं होतं."