काकांनी परतवलेलं वादळ

तुम्ही हवामान खात्याला नावं ठेवता, कारण तुम्ही आमच्या काकांना भेटला नाहीत. माझा साखरपुडा पंचवटीत आमच्याच गच्चीवर ठरला होता आणि नेमकं अरबी समुद्रात वादळ उठलं. बाबा म्हणाले, "वर ताडपत्री बांधून घेऊ." काका तडक सायबर कॅफेत जाऊन उपग्रहाची हलती चित्रं बघून आले.

"काही गरज नाही, दादा. ढग किनाऱ्यापर्यंत येतात आणि झटक्यात मागे जातात. तासभर बघत होतो, एकदाही नाशिकला पोचले नाहीत!"

ती चित्रं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि काकांना उलट विचारायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती. ताडपत्री रद्द.

पहिल्या पंगतीला बासुंदी वाढली आणि पाऊस धो धो कोसळला. मनमाडहून आलेली माझी सासरची माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्या डोक्यावर धरून जिन्याकडे पळाली.

आईने पावसाने काठोकाठ भरलेली बासुंदीची वाटी काकांच्या हातात ठेवली. "भाऊजी, हिच्याकडे तासभर बघत बसा. पाणी झटक्यात परत वर जाईल."