विमलचा निबंध

माझा जन्म नारायण पेठेतला. वडील छापखान्यात शिशाच्या टाइपाचे खिळे जुळवायचे, त्यामुळे अक्षरं मी आधी उलटी वाचायला शिकलो आणि मग सुलटी, आई म्हणायची याचं सगळं असंच व्हायचं. बी.ए. झालो, बी.टी. केलं आणि शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागलो, शाळेचं नाव राहू द्या, तिचा काही दोष नाही. तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. आता कोथरूडला मुलाकडे असतो. दुपारी जेवण झालं की खिडकीशी बसल्या बसल्या डोळा लागतो आणि मी थेट वर्गात जातो, उन्हाचा पट्टा बाकांवर पडलेला असतो, त्यात खडूची धूळ तरंगत असते, आणि सगळी मुलं खाली मान घालून लिहीत असतात, कोणी वर बघत नाही.

तुम्ही विचारलंत, निबंध कसा शिकवायचात. काय सांगू तुम्हाला, आम्ही निबंध शिकवत नव्हतो, उतरवून देत होतो. मी फळ्यावर लिहायचं, मुलांनी वहीत उतरवायचं, घरी पाठ करायचं आणि परीक्षेत ओतायचं. आधी प्रस्तावना, मग मुद्दे, मग उपसंहार, आणि प्रस्तावनेत संस्कृत सुभाषित हवंच. माझं एक ठरलेलं होतं, परोपकाराचं, ते मी नदीला लावायचो, झाडाला लावायचो, गाईला लावायचो, एकदा पोस्टमनलाही लावलं. मार्क पडायचे हो. पालक म्हणायचे, सरांचा निबंध म्हणजे खात्रीचा माल.

त्या वर्गात विमल होती. लोणी काळभोरच्या शेतकऱ्याची मुलगी, भवानी पेठेत मामाकडे राहून शिकायची, बोलायची कमी, बोलली की गावाकडचं यायचं आणि मुली हसायच्या. एक दिवस मला ताप होता की फळ्यावर लिहायचा कंटाळा आला होता, आता आठवत नाही, मी म्हटलं आज तुमचं तुम्ही लिहा, घरचं एखादं काम कसं करतात ते न बघितलेल्याला समजेल असं सांगा. सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. फळा कोरा. विमलने लिहायला घेतलं.

शेताला पाणी कसं देतात, ते तिने लिहिलं होतं. पहिलंच वाक्य, पाणी आधी ऐकू येतं, मग दिसतं. मग कालव्याचं पाणी पाटातून कसं येतं, एका सरीत शिरलं की टोकाला पोचेपर्यंत कसं थांबायचं, ती भरली की खोऱ्याने माती ओढून तिचं दार बंद करायचं आणि पुढचीचं उघडायचं, याला दारं धरणं म्हणतात, घाई केली तर टोकाची रोपं तहानलेली राहतात, उशीर केला तर बांध फुटतो. इतकं साधं. मी पेठेतला माणूस, पाणी बघितलं ते नळाचं, पण खरं सांगतो, ते वाचता वाचता माझे पाय गार पडले, कुणी पाण्यात नेऊन उभं केल्यासारखे. आणि खाली लाल शाईने मी काय लिहिलं, तर प्रस्तावना कुठे आहे. काठावरचे मार्क दिले.

त्याच सुमारास मी गाईड लिहीत होतो. हे त्या काळी पुष्कळजण करायचे आणि कोणीच कबूल करायचं नाही, कारण शाळेची परवानगी नसायची, कळलं तर नोकरी जायची. म्हणून गाईडवर नाव नसायचं, नुसतं ‘एक अनुभवी शिक्षक’. अप्पा बळवंत चौकातले प्रकाशक म्हणाले, सर, गाय झाली, झाड झालं, आता काहीतरी ताजं द्या की. मी विमलचा निबंध दिला. वर माझं सुभाषित चिकटवलं, खाली उपसंहार चिकटवला, मधलं सगळं तिचं. चोरी वाटली नाही हो तेव्हा. वर्गातलं सगळं आपलंच असतं असं वाटायचं, खडू-डस्टरसारखं.

विमल मॅट्रिक झाली. मुलींच्या कॉलेजच्या फीसाठी एका ट्रस्टची शिष्यवृत्ती होती, समोर बसून निबंध लिहायचा. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं, मिळाली तर कॉलेज, नाहीतर लग्न. विषय निघाला, मला येणारे एक काम. मग तिने दुसरं काय लिहायचं? जे तिचं होतं तेच लिहिलं.

तपासायला दुसऱ्या शाळेचे एक गृहस्थ होते, अस्सल पेठेतले. त्यांनी शेरा मारला, निबंध गाईडमधील आहे, गाईडची प्रस्तावना मात्र गाळली आहे, म्हणजे पाठांतरही अर्धवट. तो शेरा ट्रस्टकडून शाळेत आला, तसं आमच्या हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. गेलो तर विमल उभी, तिचे मामा टोपी हातात घेऊन दाराशी, टेबलावर गाईड उघडं. हेडमास्तर म्हणाले, अहो, ही म्हणते हा निबंध हिने तुमच्या वर्गात लिहिलेला, खरं काय ते तुम्ही सांगा. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, लग्न नुकतंच झालेलं.

विमल म्हणाली, सर, तुम्हीच वाचला होता ना?

मी तिच्याकडे बघितलं नाही. हेडमास्तरांना म्हणालो, मुलं पाठ करतात, सर.

एवढंच बोललो. शिष्यवृत्ती दुसऱ्या मुलीला गेली, पुढच्याच वैशाखात विमलचं लग्न झालं, वाघोलीला दिली तिला.

पुढे तो निबंध मला सोडेना. गाईड खपत राहिलं. पेठेतली मुलं, ज्यांनी शेत आगगाडीतून बघितलेलं, तीही लिहायची, मी व माझे वडील दारे धरतो. पुढे मी ज्युनियर कॉलेजात गेलो, तिथेही उत्तरपत्रिकांतून तेच पाणी, आणि मी त्याला चांगले मार्क द्यायचो, न देऊन सांगतो कोणाला. आताशा दुपारच्या स्वप्नात ते वर्गातूनच वाहतं, बाकांच्या खालून, मुलांच्या पायांवरून, मुलांना कळत नाही, मला एकट्यालाच ऐकू येतं.

बायको गेली तेव्हा वाटलं, आता अब्रू कोणासाठी सांभाळायची. एका जुन्या विद्यार्थ्याकडून विमलचा पत्ता काढला आणि गेल्या थंडीत वाघोलीला गेलो. शेतं कुठली, सगळ्या इमारती, त्यात विमलच्या सासरचा एक बंगला राहिलेला. विमल व्हरांड्यात मेथी निवडत होती, केस सगळे पांढरे. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, सर, बसा. मी सांगायला लागलो, गाईडपर्यंत आलो तर तिने हात वर केला. म्हणाली, मला तवाच कळलं हुतं. ते सुभाषित तुमचंच हुतं की.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

ती म्हणाली, कुणाला बोलायचं? तुमालाच तर इचारलं हुतं.

मग तिने आतून जावेला हाक मारली, जाऊबाई, हिकडं या, सर काय सांगत्यात ते ऐका. सुनांनाही बोलावलं. मला म्हणाली, सर, पहिल्यापास्नं सांगा. मी उभा राहून सांगितलं, वर्गात उभं करावं तसा. जाऊबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, म्हंजी नक्कल हिनं केली न्हाई, तुमी केली. मी म्हटलं, हो. त्या विमलकडे वळल्या, आन् मी त्या परीक्षेचं ऐकून जलमभर तुला नक्कल करणारी म्हणत आले. विमल म्हणाली, म्हणायचा खरं, सणासुदीला जास्त. सुना हसल्या. ती हसली नाही. मेथीची जुडी बाजूला ठेवत म्हणाली, सर, मी परत लिवलं न्हाई. माहेरी चिठ्ठी धाडायची तरी पोराकडनं लिवून घ्यायचे. वाटायचं, लिवलं की कुणीतरी म्हणंल, हे कुठनं घेतलं.

माफी मागितली, ती तिने घेतली की नाही, मला कळलं नाही. चहा दिला. निघताना विचारलं, परत आलो तर चालेल का. म्हणाली, या की, पण आता सांगायला येऊ नका, जेवायला या.

तिचं सगळं चांगलं आहे, नातवंडं आहेत, देव तिला असंच सुखात ठेवो. मी अजून गेलो नाही. मुलगा विचारतो, बाबा, नेऊन सोडू का, आणि मी म्हणतो, वाघोली फार लांब पडते रे.