पिल्लं खाणारी राक्षसीण

थांबा, थांबा! तो स्क्रू राहू द्या तसाच. जुनी पाटी काढायचा हुकूम वरून आलाय — माहितीये मला — पण संग्रहालयाच्या या दालनाचा प्रमुख अजून मीच आहे ना? आहे. बसा त्या स्टुलावर.

आणि पेटीतल्या या सांगाड्याला डायनासोर नका हो म्हणू, डायनासोर जमिनीवरचे — ही समुद्रातली मत्स्यसरडी, त्यांच्याच काळातली, श्वास घ्यायला पाण्यावर यायची. कुणी खणून काढली? मीच. पोटात पिल्लाची हाडं दिसली आणि उभ्या उभ्या ठरवलं — बाईनं पोटचं पोर खाल्लं! लगेच पाटी लावली, 'स्वतःचीच पिल्लं खाणारी राक्षसीण'. लोकांची रीघ लागली हो, प्रमुखपद काय उगाच मिळालं? आणि आता म्हणे ती खात नव्हती, बाळंत होत होती! कोण म्हणतं? आमची कन्या. हाडं साफ करायचा ब्रश धरायला शिकवला मी, आणि भरसभेत उभी राहून मलाच म्हणते, "बाबा, एकाही हाडावर दाताची खूण नाही, आणि पिल्लाची शेपटी आईच्या बाहेर आलीये." म्हटलं, अख्खं गिळलं असेल — मी नाही का गोळी गिळत? सगळे हसले. मला आधी वाटलं, विनोदाला हसले.

तेव्हापासून ती बोलत नाही माझ्याशी. म्हणजे — मी बोलत नाही. बायको म्हणते, "घरात राक्षस एकच आहे, आणि तो काचेच्या पेटीत नाही." म्हणू दे. पोरीनं बापाला खाल्लं, त्याची पाटी लावतं का कुणी? छे! उद्या येतेय ती, नव्या पाटीच्या समारंभाला. मी रजा टाकलीये. उद्या पोट दुखणार आहे माझं.

आणा ती नवी पाटी, बघू तरी काय अकलेचे तारे तोडलेत. 'पिल्लाला जन्म देताना मरण पावलेली आई.' हं. अडली असेल बिचारी — आणि आपण राक्षसीण म्हणत बसलो — म्हणजे लोक म्हणत बसले. खाली बारीक अक्षरांत काय आहे? 'शोध आणि उत्खनन' — अहो, हे माझं नाव आहे. पहिलंच. आणि 'अभ्यास' —

'अभ्यास : त्यांची मुलगी.'

स्वतःचं नावसुद्धा घातलं नाही वेडीनं.

जा तुम्ही आता. जा हो, बघताय काय माझ्या तोंडाकडे! स्क्रूड्रायव्हर ठेवून जा, पाटी मी लावतो. आणि जाता जाता ऑफिसात सांगा — साहेबांचं पोट दुखायचं थांबलं म्हणावं.